पहिल्या सव्वा महिन्याचं सामान : बाळ येण्याआधी काय घ्यावं, काय राहू द्यावं

डोहाळजेवण उरकलं की घरात यादीचा विषय निघतो. मैत्रीण एक यादी पाठवते, नणंद दुसरी. दुकानात गेलं तर ‘बेबी सेट’ म्हणून एक भलंमोठं खोकं समोर येतं. पहिलटकरणीला आणि तिच्या नवऱ्याला यातलं काय खरंच लागणार हे कळायला काही मार्ग नसतो, म्हणून बहुतेक घरांत आधी भरपूर खरेदी होते आणि रात्री दोन वाजता नेमकी हवी ती वस्तू सापडत नाही.

नवजात बाळाच्या गरजा चार : ऊब, कोरडेपणा, आईचं दूध आणि स्वच्छता. हातात घेतलेली वस्तू या चारांपैकी कशाला उपयोगी पडते हे सांगता येत नसेल तर ती परत ठेवा. दुसरी गोष्ट, यादी पहिल्या सव्वा महिन्यापुरतीच करा. त्यानंतर बाळ बदललेलं असतं आणि तुम्हालाही त्याचा अंदाज आलेला असतो. पुढचं सामान तेव्हा नीट पारखून घेता येतं.

पायरी १ : तारीख आणि खिडकी बघा

डॉक्टरांनी दिलेली तारीख कोणत्या महिन्यात आहे आणि बाळ त्या महिन्यात कोणत्या गावात असणार, यावर अर्धी यादी ठरते. बाळंतपण माहेरी असेल तर माहेरच्या हवेचा विचार करा. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला पारा ४५ अंशांच्या घरात जातो. तिथे लोकरीचे सेट आणि जाड कुंची कपाटातच राहतील, मलमलीची झबली मात्र जास्त लागतील. डिसेंबरात नाशिक, धुळे, महाबळेश्वरकडे पहाटे चांगलाच गारठा असतो, तेव्हा फलालीनची दुपटी आणि पायमोजे आधीच हवेत. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत किंवा कोकणात बाळ येणार असेल तर खरा प्रश्न थंडी-उन्हाचा नसतोच. कपडे वाळत नाहीत, हा असतो. तिथे लंगोट आणि दुपटी नेहमीच्या दीडपट धरा आणि घरात, पंख्याखाली दोरी कुठे बांधायची ते आत्ताच ठरवा.

घरात ऊन येणारी खिडकी किंवा गच्ची आहे का, पाणी दिवसातून किती वेळ येतं, धुणं कोण धुणार आणि कोण वाळत घालणार, हेही कागदावर लिहा. लंगोट वापरायचे की डायपर, हा वाद घरोघरी तत्त्वाचा होतो. खरं तर तो पाण्याचा, उन्हाचा आणि माणसांचा हिशोब आहे.

पायरी २ : आधी घरातलं काढा

पुष्कळ घरांत बाळ जन्मण्याआधी नवीन काही आणत नाहीत. ही रीत पाळायची असेल तर मुळीच अडत नाही. बाळाला सर्वांत चांगलं कापड म्हणजे अनेक धुण्यांनी मऊ झालेलं सुती कापड, आणि ते घरातच असतं. आजीचं जुनं सुती लुगडं, आजोबांचं धोतर, जुना पंचा. एका नऊवारीत दुपटी आणि लंगोट मिळून पहिल्या महिन्याची बरीच सोय होते. नायलॉन, जॉर्जेट, पॉलिएस्टरची भेसळ असलेलं कापड घेऊ नका. ते ओल शोषत नाही आणि कातडीला टोचतं. फाडलेल्या कडा दुमडून शिवून घ्या. सुट्या दशा बाळाच्या बोटांभोवती गुंडाळल्या जातात.

इथे एक गोष्ट थांबून सांगायला हवी, कारण ती जवळजवळ कोणी सांगत नाही. ट्रंकेत किंवा लोखंडी कपाटात ठेवलेल्या कपड्यांना डांबरगोळ्यांचा वास येत असेल तर ते कपडे तसेच बाळाला घालू नका. डांबरगोळीत नॅफ्थलीन असतं. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं. अशा बाळांच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनच्या वासानेही फुटू शकतात आणि कावीळ धोकादायक पातळीला जाते. आपल्या बाळात ते एन्झाइम कमी आहे की नाही, हे जन्माआधी आपल्याला ठाऊक नसतं. म्हणून पहिल्या मुलाचे जपून ठेवलेले कपडे असोत की आत्याने आठवणीने ठेवलेली कुंची, बाळ यायच्या आधीच दोन-तीनदा धुवून अनेक दिवस उन्हात आणि वाऱ्यावर ठेवा. वास गेला नाही तर वापरू नका. बाळाच्या कप्प्यात नव्या गोळ्याही नकोत. कापूरही नको.

पायरी ३ : कपडे

आकडे मी सरासरीचे देते, तुमच्या पहिल्या पायरीनुसार कमी-जास्त करा.

झबली सहा ते आठ पुरतात. समोरून किंवा मागून पूर्ण उघडणारी, नाडीची घ्या. डोक्यातून घालायचे कपडे पहिल्या महिन्यात आई आणि बाळ दोघांनाही छळतात. मान धरत नाही, हात आखडलेले असतात. बटणं, मणी, टिकल्या, लेस काही नको. नाडी लांब असेल तर कापून आखूड करा. नवजात मापाची झबली याहून जास्त घेऊ नका, कारण भेट म्हणून येणारी पहिली वस्तू तीच असते.

दुपटी आठ-दहा. ही वस्तू कितीही असली तरी कमी पडते : गुंडाळायला, पांघरायला, खाली घालायला, दूध पाजताना आडोशाला, ढेकर काढताना खांद्यावर. उन्हाळ्यात मलमल, थंडीत त्यांतली तीन-चार फलालीनची. गुंडाळताना हात छातीशी घेतले तरी चालतात, पण पाय बेडकासारखे दुमडून हलते राहिले पाहिजेत. पाय सरळ ओढून घट्ट बांधले तर खुब्याचा सांधा नीट बसत नाही. ‘पाय वाकडे होतील’ म्हणून पाय बांधणाऱ्या मावशींना हे प्रेमाने, पण ठामपणे सांगावं लागतं.

टोपडी तीन. जन्मानंतर लगेच आणि थंडीत टोपडं हवंच, कारण बाळाच्या डोक्यातून ऊब फार जाते. पण एप्रिलच्या दुपारी घरात बसलेल्या बाळाला टोपडं, मोजे, कुंची सगळं चढवलेलं असतं आणि मग अंग तापलं म्हणून धावपळ होते. ढोबळ नियम असा : आपल्याला जेवढे कपडे पुरतात त्यावर बाळाला एक थर जास्त. खात्री करायची तर आपल्या हाताची मागची बाजू बाळाच्या पोटाला आणि मग तळपायाला लावा. दोन्ही उबदार, तर बाळ सुखात आहे. पोट ऊन पण पाय गार, तर एक थर चढवा किंवा बाळाला आईच्या उघड्या छातीशी घ्या. दोन्ही गार लागले तर लगेच छातीशी घ्या, वरून पांघरा आणि डॉक्टरांना दाखवा.

पायमोजे दोन-तीन जोड. हातमोजे मला अनावश्यक वाटतात. हातांनी चाचपडणं, बोटं तोंडाकडे नेणं हे बाळाचं भूक सांगणं असतं, ते झाकू नये. नखं वाढली तर ती कापा. तरी घालणारच असाल तर मोजा उलटा करून आतले सुटे धागे आधी काढून टाका. असा धागा बोटाला आवळला गेला तर रक्तपुरवठा थांबतो, आणि मोज्यामुळे ते दिसतही नाही.

अंग पुसायला मऊ पंचे तीन. स्वेटर थंडीतच, आणि तोही सुती झबल्यावरून.

खरेदीला पुण्यात तुळशीबाग, नागपुरात सीताबर्डी, कोल्हापुरात महाद्वार रोड, मुंबईत दादर, कुठेही गेलात तरी कापड गालाला लावून बघा; दुकानाच्या नावापेक्षा आपला गाल खरं सांगतो. घरी आणल्यावर सगळं एकदा धुवून घ्या. नव्या कपड्यावर खळ आणि रंग असतो. धुताना साधी पावडर, भरपूर पाणी. सुगंधी फॅब्रिक कंडिशनर आणि जंतुनाशकाचं झाकण दोन्ही टाळा. कडक ऊन मिळालं तर उत्तम, पावसाळ्यात शेवटची ओल इस्त्रीने घालवा. तिन्हीसांजेआधी बाळाचे कपडे आत आणायची जुनी पद्धत पाळण्यासारखी आहे. दव आणि किडे दोन्ही टळतात.

पायरी ४ : लंगोट आणि डायपर

नवजात बाळाला दिवसाला पंधरा लंगोट सहज लागतात. आज धुतलेले उद्या वाळतात असं धरलं तर तीस हवेत, पावसाळ्यात चाळीस-पंचेचाळीस. तिकोनी, नाडीचे, सुती. आत रबर असलेली प्लॅस्टिकची चड्डी वरून चढवू नका, ओल आत कोंडते.

माझा सल्ला दोन्ही ठेवण्याचा आहे : दिवसा लंगोट, रात्री आणि प्रवासात डायपर. लंगोटाचा एक मोठा फायदा सुरुवातीला फार कामाचा असतो. बाळाने किती वेळा शू केली ते मोजता येतं. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू होत असेल तर दूध पुरतं आहे, असं समजायला चांगला आधार मिळतो. ‘दूध पुरत नाही’ या धास्तीने पावडरच्या दुधाचा डबा आणणाऱ्या कितीतरी घरांना ही एवढी मोजदाद वाचवू शकते.

डायपर घ्यायचे तर नवजात मापाचं एकच छोटं पाकीट घ्या. पाकिटावर वजनाची मर्यादा छापलेली असते, वयाकडे न बघता तीच बघा. दर तीन-चार तासांनी बदला, शी झाली तर लगेच. नाळ पडेपर्यंत डायपरची वरची कड नाळेच्या खाली दुमडा. पुसायला कोमट पाणी आणि कापूस किंवा मऊ सुती फडकं. ओले वाइप्स बाहेर जाताना ठीक, पण सुगंधाचे घेऊ नका. मुलीला पुसताना पुढून मागे. लाली दिसली तर रोज थोडा वेळ उघडं ठेवा. झिंक ऑक्साइडचं साधं मलम पुरतं. पावडर मात्र कुठेच नको, मांड्यांनाही आणि मानेलाही नको. तिचा बारीक धुरळा बाळाच्या फुप्फुसात जातो.

वापरलेला डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळा द्या आणि त्यावर लाल ठिपका काढा. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने ही लाल ठिपक्याची मोहीम चालवली, कारण तो कचरा कोणीतरी बाई हाताने वेगळा करत असते. कुठल्याही गावात ही पद्धत पाळता येईल.

पायरी ५ : झोपायची जागा

इथे खर्च जास्त होतो आणि गरज कमी असते. बाळाला लागते एक सपाट, घट्ट, न दबणारी गादी आणि तिच्यावर ताणून बसवलेली सुती चादर. खाली ओल शोषणाऱ्या दोन ड्राय शीट, एक अंथरायला आणि एक धुवायला. बस.

दुकानातल्या सेटमध्ये येणारी उशी, दोन बाजूंचे छोटे लोड, मऊ गादी आणि पाळण्याला आतून बांधायच्या गुबगुबीत पट्ट्या, यातलं काहीही झोपलेल्या बाळाजवळ ठेवू नका. तोंड त्यात रुतलं तर नवजात बाळाला मान फिरवता येत नाही. अमेरिकेने अशा पट्ट्या आणि उतरत्या झोपण्याच्या खुर्च्या २०२२ मध्ये कायदा करून विक्रीतूनच काढून टाकल्या. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी देण्याची आपल्याकडे पद्धत आहे, तीही नको. डोक्याला आकार येतो तो बाळ जागं असताना कुशी बदलून, कडेवर घेऊन आणि आपल्या देखत थोडा वेळ पोटावर ठेवून.

झोपवायचं पाठीवर, दर वेळी, दुपारीसुद्धा. बाळ आईच्या खोलीत, हात पोचेल इतकं जवळ. आपल्याकडे बहुतेक बाळं आईच्या अंथरुणातच झोपतात. तसं असेल तर जड गोधडी आणि उशा बाळापासून लांब ठेवा, भिंत आणि गादीमध्ये फट ठेवू नका आणि दारू प्यायलेल्या, विडी-सिगारेट ओढणाऱ्या किंवा झोपेची गोळी घेतलेल्या माणसाला त्या अंथरुणात झोपू देऊ नका. सोफ्यावर बाळाला छातीवर घेऊन डुलकी काढणं तर सगळ्यांत धोक्याचं.

पाळणा बारशाला हवाच असतो, तो शेजारून किंवा नात्यातून आणा. जुना असेल तर हलणारे सांधे, वर आलेले खिळे, सुटणारा रंग तपासा. दोन गजांमधलं अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. साडीची झोळी बाळाला फार आवडते हे खरं, पण तिच्यात हनुवटी छातीला टेकून श्वास अडू शकतो. म्हणून झोळीत बाळ असेल तेव्हा मोठं माणूस तिथेच बसलेलं हवं, आणि बाळ झोपलं की काढून गादीवर.

छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी अवश्य घ्या. या यादीत मी जिच्यासाठी भांडेन अशी ही एक वस्तू आहे. ती असली की कॉइल, धूप, उदबत्ती काहीच लावावं लागत नाही. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी आणि ओवा-शेपाची धुरी बंद खोलीत ठेवणं थांबवा. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. आईला शेक हवाच असतो, तो गरम पाण्याच्या पिशवीने द्या. एसी किंवा कूलर चालतो. खोली २५ ते २८ अंशांत आणि वाऱ्याचा झोत थेट बाळावर नाही, एवढं बघा.

पायरी ६ : दूध

या पायरीचं सामान बाळासाठी नाहीच, आईसाठी आहे. समोरून उघडणारे चार गाऊन, योग्य मापाच्या तीन फीडिंग ब्रा (नवव्या महिन्यात माप घेऊन त्याहून एक माप मोठ्या), पाठीला टेकायला घरातला लोड, हाताशी पाण्याचा तांब्या. दूध पाजायची खास उशी नसली तरी चालते. जन्मानंतर पहिल्या तासात बाळ छातीशी लावायचं आणि सहा महिने फक्त आईचं दूध द्यायचं. विदर्भातल्या उन्हाळ्यातही वरून पाणी लागत नाही, दुधात ते असतंच.

बाटली आणि पावडरचा डबा ‘असू द्यावा घरात’ म्हणून आणू नका. घरात असला की पहिल्या रडण्याच्या रात्री तो उघडला जातो, बाळ छातीशी कमी लागतं आणि मग दूध खरंच कमी होतं. आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बाळाच्या दुधाच्या पावडरीची आणि दुधाच्या बाटलीची जाहिरात करायला, फुकट नमुने वाटायला बंदी आहे. कोणी नमुन्याचा डबा हातात ठेवला तर तो परत करण्याचा पूर्ण हक्क तुम्हाला आहे. वैद्यकीय कारणाने डॉक्टरांनी वरचं दूध सांगितलंच तर ते स्टीलच्या छोट्या वाटीने आणि चमच्याने पाजा. दोन्ही उकळता येतात, बाटलीचे कानेकोपरे स्वच्छ होत नाहीत. पावडर डब्यातल्याच मापाने, सपाट चमचा भरून. पाणी जास्त घालून डबा पुरवणं बाळाला उपाशी ठेवण्यासारखं आहे. बाळ फार लहान किंवा दिवस भरण्याआधी जन्मलेलं असेल आणि आईचं दूध यायला वेळ लागत असेल तर रुग्णालयात मातृदुग्धपेढी, म्हणजे इतर आयांनी दिलेलं दूध साठवून ठेवायची सोय, आहे का ते विचारा. आशियातली पहिली अशी पेढी १९८९ मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी मुंबईच्या शीव रुग्णालयात सुरू केली, आणि आज अनेक मोठ्या रुग्णालयांत ती सोय आहे.

ब्रेस्ट पंप नंतर घ्या. २०१७ पासून नोकरदार आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळते. ज्यांना ती मिळते त्यांना पंप निवडायला भरपूर वेळ आहे. हाताने दूध काढायला मात्र रुग्णालयातल्या नर्सकडून शिकूनच घरी या.

बोंडलं, घुटीची सहाण, मधाची बाटली, ग्राइप वॉटर : चारही नकोत. मधाचं बोट चाटवण्यामागे माया असते, तरीही एक वर्षापर्यंत मध देऊ नये. त्यात कधीकधी बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, बाळाच्या रुजतात आणि त्यातून स्नायू लुळे पडतात.

पायरी ७ : न्हाऊमाखू

पहिले चोवीस तास अंघोळच नको. बाळ अडीच किलोपेक्षा कमी असेल तर आणखी थांबा, डॉक्टर सांगतील तेव्हा. नाळ पडेपर्यंत, म्हणजे साधारण एक-दोन आठवडे, अंग पुसून घेतलं तरी पुरे. नाळेला हळद, तेल, राख, पावडर काही लावू नका. ती कोरडी आणि उघडी ठेवली की आपोआप पडते.

टब लागत नाही. पाटावर बसून पाय लांब करून पायांवर न्हाऊ घालायची आपली पद्धत छान आहे, बाळाची पकड सुटत नाही. बादलीत आधी गार पाणी, मग गरम मिसळा आणि कोपर बुडवून बघा. सौम्य साबण एक, तोही रोज नको. डाळीचं पीठ चोळून लव काढायचा प्रयत्न करू नका, कातडी सोलवटते. लव आपली आपण गळते. साधं शुद्ध खोबरेल तेल मालीशला पुरतं. मोहरीचं तेल काही बाळांच्या कातडीला झोंबतं. नाकात, कानात, टाळूवर तेल ओतायचं नाही. मालीशवाल्या मावशी येणार असतील तर नखं कापलेली, अंगठ्या-बांगड्या काढलेल्या, हात साबणाने धुतलेले आणि दाब हलका, हे पहिल्याच दिवशी सांगा. खोकला-सर्दी असेल त्या दिवशी त्यांची रजा, पैसे न कापता.

बाजारच्या काजळात शिसं असू शकतं, आणि घरचं असलं तरी बोटाने डोळ्यात घालताना जंतू जातात. तीट लावायचीच तर तळपायाला लावा. वाळे, बिंदल्या, मनगट्या बारशाच्या फोटोपुरत्या. घुंगरू सुटतात, आणि गळ्यातली साखळी किंवा काळा दोरा झोपेत आवळू शकतो.

पायरी ८ : औषधाचा डबा

एक डिजिटल थर्मामीटर, लहान मुलांचं नखं कापायचं यंत्र, कापूस, साधे सलाइनचे नाकात घालायचे थेंब. डबा संपला. थर्मामीटर काखेत लावायचा, ९७.७ ते ९९.५ फॅरेनहाइट हे ठीक. वर गेला तर जास्तीचे कपडे काढून थोड्या वेळाने पुन्हा बघा, तरी उतरला नाही तर डॉक्टर, १००.४ किंवा वर असेल तर थांबायचंच नाही. तापाचे थेंब घरात ठेवून आपल्या मनाने देऊ नका. या वयातला ताप दाबायचा नसतो, तपासायचा असतो.

डी जीवनसत्त्वाचे थेंब डॉक्टर लिहून देतात, रोजचा डोस साधारण ४०० युनिट. इथे नेमकं बघा : काही बाटल्यांत एका मिलिलिटरमध्ये ४०० युनिट असतात, काहींत ८००. बाटली बदलली की डोसही पुन्हा विचारा.

डब्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवा आणि त्यावर ही लक्षणं लिहा : दूध ओढत नाही, मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास, श्वास घेताना छाती आत ओढली जाते, झटके, अंग थंड किंवा तापलेलं, पहिल्याच दिवशी पिवळेपणा, किंवा पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत. यातलं एक जरी दिसलं तरी रुग्णालय. खाली १०८ आणि १०२ हे रुग्णवाहिकेचे क्रमांक.

गावात आशाताई घरी येतात : रुग्णालयात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. त्यांच्या पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर आणि श्वास मोजायला घड्याळ असतं. घरी जाऊन नवजात बाळ तपासण्याची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्या बायकांना शिकवून उभी केली, आणि पुढे ती देशभर गेली. आशाताईंना दारातून परत पाठवू नका, वजन करून घ्या आणि कार्डावर लिहून घ्या. वजनकाटा विकत घ्यायचं कारण उरत नाही.

पायरी ९ : रुग्णालयाची पिशवी

छत्तिसावा आठवडा लागला की भरून दाराजवळ ठेवा. बाळाचं सगळं एका वेगळ्या सुती पिशवीत, वरच : दोन मऊ पंचे, दोन दुपटी, टोपडं, झबलं, मोजे, लंगोट. दोन पंचे मुद्दाम सांगते, एकाने ओलं अंग पुसायचं आणि तो ओला पंचा बाजूला टाकून दुसऱ्या कोरड्यात गुंडाळायचं. बाकी सात-आठ लंगोट आणि तीन झबली खालच्या कप्प्यात. आईला मोठे पॅड, गडद रंगाचे गाऊन, अंगावर घ्यायला चादर, चपला, कंगवा.

कागद एका फाइलमध्ये : माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफी, रक्तगट, आधार, विम्याचं कार्ड. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, औषधं, तपासण्या आणि घरी सोडणारी गाडी मोफत असते, म्हणून बाहेरून औषध आणायला सांगितलं तर आधी विचारा. सरकारी केंद्रात पहिलं बाळंतपण होणाऱ्या आईसाठी राज्याने बेबी केअर किटची योजना आणली होती, त्यात कपडे, मच्छरदाणी, थर्मामीटर असतं. खरेदीला निघण्याआधी आपल्या अंगणवाडीसेविकेकडे ते आता मिळतं का याची चौकशी करा.

आईवडिलांच्या नावांचं स्पेलिंग आधारप्रमाणे एका चिठ्ठीवर लिहून फाइलीत ठेवा. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी आणि रुग्णालय ती या चिठ्ठीवरून करेल. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला लागणार आहे.

परदेशात बाळंतपण असेल तर मागे तोंड करून बसवायची कारसीट ही पहिली खरेदी. अमेरिका, ब्रिटनमध्ये ती कायद्याने लागते. मदतीला जाणाऱ्या आजीने डिंकाचे लाडू जरूर न्यावेत, घुटी नेऊ नये. आपल्याकडेही स्वतःची गाडी असेल तर अशी सीट घ्याच, पण अपघातात सापडलेली जुनी नको. दुचाकीवरून नवजात बाळ कितीही जवळ असलं तरी न्यायचं नाही.

पायरी १० : बाळ आल्यावरची खरेदी

बाळंतविडा घेऊन येणारे ‘काय आणू?’ विचारतात तेव्हा संकोच न करता सांगा : तीन ते सहा महिन्यांच्या मापाचे सुती कपडे, दुपटी, किंवा आठवडाभराचं आईचं जेवण. खेळणं आणणार असतील तर त्यावर आयएसआय खूण हवी. २०२१ पासून खेळण्यांना ती सक्तीची आहे. खुळखुळा हातात धरायला बाळाला तीनेक महिने लागतील, घाई नाही.

जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं, दहा-चौदा दिवसांत परत जन्माइतकं होतं आणि मग दिवसाला साधारण २५-३० ग्रॅम वाढतं. म्हणजे महिना-दीड महिन्यात नवजात मापाची झबली आखूड होतात. सहाव्या आठवड्याच्या लसीला जाल तेव्हा वजन होईल. तो आकडा मोबाईलमध्ये लिहून घ्या आणि येताना वाटेतल्या दुकानातून त्या वजनाला बसणारं डायपरचं पुढच्या मापाचं पाकीट आणि चार मोठी झबली घेऊन या. आखूड झालेली धुवून, वाळवून, डांबरगोळी न घालता कापडी पिशवीत बांधून ज्या घरी पुढचं बाळ येणार आहे तिथे द्या.